बैलाचं तापमान

स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या माणसाला घरात कायदा विचारला जातो आणि तो मला माहीत नाही असं म्हणायची सोय नसते. नांदेडच्या अभ्यासिकेत तीन वर्षं काढून मी उन्हाळ्यात अर्धापूरकडच्या आमच्या गावी आलो होतो. निकाल हाती नव्हता, रुबाब मात्र अधिकाऱ्याचा होता.

त्याच आठवड्यात आमचा थोरला बैल शेणखताची गाडी ओढता ओढता भर दुपारी वाटेतच बसला. जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी बैलावर पाणी मारायला लावलं, दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, चांगलंच झापलं आणि एक पत्रक हातात ठेवून गेले. जनावरांना क्रूरपणे राबवू नये म्हणून केलेले नियम त्यात होते. दादा कचेरीला फार भितात. त्यांनी पत्रक माझ्यापुढं धरलं.

"वाच. आन् समजंल असं सांग."

मी वाचलं, "तापमान सदतीस अंशांपेक्षा अधिक असल्यास दुपारी बारा ते तीन या वेळेत जनावर जुंपू नये."

"कुणाचं तापमान?"

इथं मी गप्प बसलो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मी म्हणालो, "बैलाचं. कायदा जनावरांचा आहे, मग तापमान दुसऱ्या कुणाचं असणार?"

माय उकिरड्याजवळ टोपलं घेऊन उभी होती. "बैल बसवले तर खत कोण वाहणार? पाऊस तोंडावर आलाय," ती म्हणाली. दोघांनीही तिला उत्तर दिलं नाही, कारण आम्ही थर्मामीटर शोधत होतो.

तो कोरोनाच्या साथीत आणलेला होता. आता बैलाला लावायचा कुठं? तोंडात धरला तर चावून टाकेल आणि काखेत म्हणावं तर बैलाची काख कुणी पाहिलीय! शेवटी शेपूट उचलून दादांनीच ते काम केलं आणि मी लांबून आकडा वाचला. एकशे एक पूर्णांक सहा. फॅरनहाइटचं सेल्सिअस करायचं गणित परीक्षेत नेहमी येतं, मी चुटकीसरशी सोडवलं. अडतीसच्याही वर. धाकट्या बैलाचंही तेवढंच भरलं.

दादा हादरले. "माणसाला एकशे एकला गोळी देतेत लेका, आन् मी ह्याला जुंपून राहिलो!"

बारा ते तीनचा नियम त्यांनी स्वतःच वाढवून दिवसभराचा केला. तापलेलं जनावर सकाळी तरी कसं जुंपायचं? तीन दिवस दोन्ही बैल लिंबाखाली बसून गूळपाणी पीत होते. पाठीवर ओली पोती. रोज आम्ही ताप मोजायचो आणि तो रोज तेवढाच निघायचा. दादा धाकट्याच्या कपाळावर ओली घडी ठेवायला निघाले, त्यानं ती खाऊन टाकली.

खत दादा आणि माय टोपल्यांनी वाहत होते. मीही चार टोपली नेली, मग मला अभ्यास आठवला. दादा दुपारी बैलांजवळ टेकायचे. माय टेकत नव्हती, तिला पावसाची घाई होती.

चौथ्या दिवशी दुपारी डॉक्टर बैल बघायला आले आणि हकीकत ऐकून हसता हसता बाजेवर बसले. "अहो, धडधाकट बैलाचं अंग एवढं गरम असतंयच! ते तापमान हवेचं. सकाळ-संध्याकाळ खुशाल जुंपा, फक्त भर उन्हात सावलीला बांधा. हे सांगितलं कुणी?"

"आमच्या पोरानं," दादा अजूनही कौतुकानं म्हणाले. "साहेब होणार हाय."

मायनं डोक्यावरचं टोपलं खाली ठेवलं. "डॉक्टरसाहेब, हा कायदा बाईमाणसाला लागू होतो का?"

"न्हाई मावशी, जनावरांनाच."

"हाव का? मग बारा ते तीन मी बी जनावरच हाय."

असं म्हणून ती थोरल्या बैलाशेजारी सावलीत पदर उशाला घेऊन आडवी झाली. डॉक्टर हसले, दादाही हसले. मला हसू येईना. तिचा चेहरा उन्हानं लालबुंद झाला होता. तीन दिवस मी दोन बैलांचा ताप मोजला होता आणि तिच्या कपाळाला एकदाही हात लावला नव्हता. मला स्वतःची लाज वाटली.

डॉक्टर गेल्यावर भूक लागली तेव्हा दादा आणि मी स्वयंपाकघरात शिरलो. पिठलं करायचं ठरलं. बेसन दादांना सापडलं, तिखट मला सापडलं, मीठ काही सापडेना. सगळे डबे उघडून झाले. विचारायला मी लिंबापर्यंत गेलो, तर ती गाढ झोपली होती. मी तसाच परत आलो. आम्ही अळणी पिठलं खाल्लं आणि तिच्यासाठी झाकून ठेवलं तेही अळणीच होतं.