हेस्टरबाईंची ‘शी’ आणि ‘हर’

हेस्टर व्हाउल्स इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या पाणथळ भागातल्या टोपल्या विणणाऱ्याची मुलगी. शिक्षिका व्हायला ती शहरात गेली आणि पहिल्याच दिवशी, इंग्रजीत ‘शी आली नाही’ म्हणायच्या जागी, घरच्या सवयीनं ‘हर आली नाही’ म्हणाली. वर्ग खदाखदा हसला. त्यानंतर तीन महिने ती कामापुरतंच बोलली. पण कान उघडे ठेवले. कर्त्याच्या जागी ‘शी’, कर्माच्या जागी ‘हर’, ही पुस्तकाची रीत तिनं घोटून पक्की केली.

गावच्याच शाळेत ती बाई म्हणून परतली, तेव्हा पोरंही, पूर्वी ती बोलायची तशी, ‘हर आली’ असंच बोलत होती. आधीचे मास्तर त्यासाठी छडी उगारत. हेस्टरबाईंनी छडी जळणात घातली.

चौतीस साली तपासणीला साहेब आले. त्यांनी आठ वर्षांच्या लेटी ट्रॅटला विचारलं, शेजारची जागा रिकामी का? लेटी म्हणाली, ‘‘हर आजारी आहे, साहेब.’’

साहेबांनी वही उघडली. मुलीला कर्ता-कर्म कळत नाही, असा शेरा ते मोठ्यानं बोलतच लिहू लागले. लेटीचे कान लाल झाले.

‘‘जरा थांबा, साहेब,’’ बाई म्हणाल्या. त्यांनी लेटीच्या हातात टोपली देऊन ती मागच्या बाकावरच्या डॉरकसला द्यायला लावली. मग विचारलं, ‘‘दिली कुणी, लेटी?’’

‘‘मी.’’

‘‘घेतली कुणी?’’

‘‘हर. डॉरकसनं.’’

‘‘आता पुस्तकाच्या भाषेत सांग.’’

लेटीनं क्षणभर विचार केला. ‘‘शी. घेणारी तीच ना, म्हणून शी. आणि मी टोपली दिली ती हरला.’’

बाई साहेबांकडे वळल्या. ‘‘करणारा कोण, हे हिला पक्कं ठाऊक आहे. घरचा शब्द वेगळा, एवढंच. माझ्या आईचाही तोच होता.’’

साहेबांनी शेरा खोडला नाही. खाली बारीक अक्षरात ‘समज उत्तम’ एवढं जोडलं.

संध्याकाळी लेटीची आई तणतणत आली. पोरगी घरात ‘शी, शी’ करते, उद्या आम्हाला अडाणी म्हणेल, असं तिचं म्हणणं. बाईंनी तिला चहा दिला आणि थेट गावच्या बोलीत म्हणाल्या, ‘‘हर काही तसली पोर नाही गं. हरला दोन्ही बोली येतात, हरच्या वयात तुला नि मला एकच येत होती.’’

आईनं चहा संपवला. जाताना तिनं धाकट्याचं नावही शाळेत घालायचं ठरवलं.