सिनेगॉगची बाहेरची भिंत

पुंडलिकला घाणीची मनापासून किळस यायची. तीस वर्षं रेल्वेत गँगमन म्हणून लोकांचा रुळांवरचा नरक तुडवल्यावर माणसाचं नाक मरायला हवं; त्याचं उलट तिखट झालं. आणि नशीब बघा, निवृत्तीनंतर त्याच्या वाट्याला आली ती पावर हाउस बाजारातली सगळ्यात घाणेरडी भिंत.

भिंत सिनेगॉगची. कोकणातून रेल्वेत आणि कारखान्यात नोकरीला आलेल्या मराठी ज्यू घरांनी वर्गणी काढून हे प्रार्थनेचं घर बांधलं होतं. त्यांच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. एकेक घर इस्रायलला गेलं, दहाचे सात उरले, साताचे तीन, आणि कुलूप लागलं. शेवटी रेल्वेतल्या एका गार्डसाहेबांच्या विधवा हन्नाबाई किहीमकर निघाल्या. त्यांनी पुंडलिकच्या बायकोचं, अंजनाबाईचं, बाळंतपण केलं होतं. किल्ली त्याच्या हाती देऊन त्या म्हणाल्या, मी पुन्हा येईपर्यंत इथे घाण होऊ देऊ नकोस. त्याने शब्द दिला.

आतलं तो झाडायचा. बाहेर मात्र सगळा बाजार त्या भिंतीपाशी मोकळा व्हायचा. पाटी लावली, तर पाटीवरच पिचकाऱ्या. चुना मारला, सकाळी पिवळा. मोबाइलची कव्हरं विकणारा कमलेश तर फोन कानाला लावूनच कार्यभाग उरकायचा. हटकलं तर वर तोंड करून सांगायचा, बंद घर आहे, कोणाला त्रास? मेल्याला जनाची नाही, मनाची नाही.

एकदा शिंतोडे पुंडलिकच्या पायावर उडाले. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. तिरमिरीत त्याने तेच केलं जे आपल्याकडे सगळे करतात: देवांच्या चित्रांच्या सहा टाइल्स आणून भिंतीत बसवल्या. या लोकांना देवाचं चित्र चालत नाही हे त्याला ठाऊक होतं. आत एक तसबीर नव्हती. पण ही तर बाहेरची बाजू, अशी त्याने मनाची समजूत घातली.

भिंत आठवड्यात कोरडी झाली. मग उदबत्ती आली, नारळ आले, पत्र्याचं छप्पर आलं, घंटा आली. मंगळवारची आरती सुरू झाली आणि समितीचा अध्यक्ष झाला कमलेश.

अकरा वर्षांनी हन्नाबाईंचा फोन आला. नातीबरोबर येते, एकदा दाराला हात लावायचाय. पुंडलिक छिन्नी-हातोडा घेऊन धावला. पहिला घाव पडायच्या आत कमलेशने त्याचं मनगट धरलं. माणसं जमली.

"तू इथंच मुतत होता ना रे?" पुंडलिक म्हणाला.

"तवा इथं देव नव्हते, काका." कमलेशच्या आवाजात शरम तर नव्हतीच, भक्ती होती. पुंडलिकला ओकारी आली. तो तिथेच गटारीवर वाकला, आणि त्याला वाटलं, हे सगळं आपल्याच पोटातून बाहेर पडतंय.

हन्नाबाई आल्या त्या नेमक्या मंगळवारी. दार छपराखाली गेलेलं, पुढे आरतीची गर्दी. कोणीतरी अदबीने सांगितलं, आजी, चपला बाहेर काढा. त्यांनी काढल्या. काठी टेकत त्या भिंतीकडे बघत राहिल्या.

"हे कोणी लावलं रे, पुंडलिक?"

कमलेश चार पावलांवर टाळ्या वाजवत होता. त्याच्याकडे बोट दाखवलं असतं तर बाईंनी विश्वास ठेवला असता.

"मीच लावले, बाई," पुंडलिक म्हणाला. "घाण होऊ नये म्हून."

हन्नाबाईंनी पायांनी चाचपडत चपला घातल्या आणि नातीला ऑटो बोलवायला सांगितलं.