अज्ञात म्हणजे कोण?

हा प्रश्न त्यांनी मला किती वेळा विचारला असेल, याची गणती नाही. मी विमा कंपनीच्या मोटार विभागात क्लेम पास करणारा अधिकारी, ते बाहेरचे सर्व्हेयर. ठोकलेली गाडी जाऊन पाहायची आणि नुकसानीचा अहवाल द्यायचा, एवढंच त्यांचं काम. फॉर्मवर 'अपघात कसा झाला' या रकान्यात मालकाने लिहिलेलं असायचं, 'गाडी उभी असताना अज्ञात वाहनाने धडक दिली.' पुण्यातल्या निम्म्या गाड्यांना हेच एक अज्ञात वाहन धडकत असावं. दुसरा कोणीही सर्व्हेयर त्याखाली सही करून मोकळा झाला असता. हे मात्र फाईल माझ्या टेबलावर ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "अज्ञात म्हणजे कोण?"

"अहो, ते माहीत असतं तर अज्ञात कशाला लिहिलं असतं?" मी वैतागून म्हणे.

"बघतो," ते म्हणत. त्यांनी 'बघतो' म्हटलं की फाईल पंधरा दिवस गेली म्हणून समजायचं.

खासगी विमा कंपन्या नुकत्याच बाजारात उतरल्या होत्या. हिंजवडीला नोकरी लागलेली मुलं पहिल्या पगारवाढीला गाडी घेत आणि महिन्याभरात ठोकून आणत. वरून आमच्या मॅनेजरचा धोशा, क्लेम लवकर काढा, गिऱ्हाईक पळतंय. आणि हे गृहस्थ कुठल्याशा सोसायटीत गाडीशेजारी उकिडवे बसलेले! खिशातून शिंप्याची टेप काढून पोचा जमिनीपासून किती उंच आहे ते मोजायचे, मग ताप पाहावा तसा त्याला उलटा हात लावायचे. असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचं चुकत काहीच नाही, म्हणून त्यांच्यावर धड ओरडताही येत नाही.

एकदा त्यांना घाई करायला मीच त्यांच्याबरोबर विश्रांतवाडीला गेलो. ते राहायचेही तिथेच. गाडीमालक तरुण म्हणाला, "सर, गाडी पार्क्ड होती. कोणीतरी रँडम ठोकून गेला."

"पुढून?"

"हो सर."

"बंपरला खांबाचा गिलावा लागलाय. म्हणजे खांब चालत आला."

तो मुलगा कानापर्यंत लाल झाला. यांनी शांतपणे बॅगेतून कोरा फॉर्म काढला. "हे बघा, पॉलिसीत चूक बसते. स्वतःच्या हाताने खांबावर घातलीत तरी क्लेम मिळतो. खोटं बसत नाही. पुन्हा लिहा." त्याने लिहिलं आणि क्लेम पास झाला. मुळात खोटं बोलायची गरजच नव्हती. पण एजंट लोकांनी सगळ्यांना पढवून ठेवलेलं, 'उभी होती म्हणा, कटकट नको.'

लोणी काळभोरच्या एका जीपसाठी तर ते चार वेळा गेले. चिंचेखाली उभी केलेली जीप कोणीतरी मागून चेपली होती. चौथ्या खेपेला त्यांनी ट्रॅक्टर शोधून काढला. तो निघाला मालकाच्या मेव्हण्याचा. मालक थेट आमच्या ऑफिसात आला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, अज्ञातच ऱ्हाऊ द्या की. बहीण दिलीय त्यांच्या घरात. उगं भांडान नगं."

मी म्हटलं, आता अडला हा क्लेम. तर यांनी अहवालात लिहिलं, 'वाहन ज्ञात. नात्यातले. मालकाची तक्रार नाही.' आणि खाली क्लेम मंजूर करावा अशी शिफारस. कोणाला धडा शिकवायची त्यांना हौस नव्हती. फक्त रकान्यात खरं हवं.

"हा सोस आलाय कुठून तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"वडील खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते," ते म्हणाले. "तिथे 'असेल बहुतेक' चालत नाही, साहेब."

आता माझी गोष्ट सांगतो. त्या दिवशी अशाच एका फाईलवरून आमचं कडाक्याचं वाजलं होतं. मॅनेजरने मला सगळ्यांसमोर झापलं आणि मी ते सगळं यांच्यावर काढलं. 'तुमच्यामुळे ऑफिस बंद पडेल' इथपर्यंत बोललो. संध्याकाळी तणतणत खाली गेलो, माझी नवी मरून रंगाची गाडी झटक्यात मागे घेतली आणि धाडकन आवाज झाला. मागे त्यांची जुनी क्रीम रंगाची गाडी. मागचं दार आत गेलेलं. ऑफिसच्या आवारात चिटपाखरू नव्हतं. मी निघून गेलो. घरी जाईपर्यंत स्वतःला सांगत होतो, उद्या सकाळी सांगू.

सकाळी पोचलो तर ते स्वतःच्याच गाडीशेजारी उकिडवे बसलेले. टेप काढली, उंची मोजली, उलटा हात लावला. दारावरची मरून रंगाची एक खपली नखाने काढून कागदाच्या पुडीत घातली. मग वर येऊन माझ्याकडेच फॉर्म मागितला. विमा आमच्याच कंपनीचा होता.

फॉर्म भरून आला, पुडी त्याला टाचणीने लावलेली. 'अपघात कसा झाला' हा रकाना तेवढा कोरा.

"हे राहिलंय," मी म्हटलं. माझा आवाज मलाच वेगळा वाटला. "अज्ञात वाहन लिहा ना."

"तसं लिहिता येत नाही," ते म्हणाले. "राहू द्या तुमच्याकडे. घाई नाही."

झालं. त्या दिवसापासून तो फॉर्म माझ्या खणात आणि मी रोज त्या खणासमोर. त्यांचा भयंकर राग यायचा. अहो, चार शिव्या द्या, मॅनेजरकडे जा, निदान बोलणं तरी टाका! पण नाही. रोज तोच नमस्कार, तेच 'बघतो'. मी खडकीच्या एका गॅरेजात गुपचूप बंपर रंगवून घेतला. तिथला मिस्त्री म्हणाला, "सर्व्हेयर साहेबांना दाखवली का गाडी? ते बरोबर सांगतात कुठे लागलीय ते." मी घाम पुसला. दोन वर्षं ते ती चेपलेली गाडी चालवत राहिले, आणि दोन वर्षं मला त्या आवारात मान वर करून चालता आलं नाही.

मग त्यांचे गुडघे गेले. खाली बसता येईना, आणि उभ्या उभ्या पोचा पाहणं त्यांना मान्य नव्हतं. काम बंद करून ते नागपूरला लेकीकडे निघाले. शेवटच्या फाईली द्यायला आले, चहा झाला, उठले. दाराशी गेले तेव्हा मी हाक मारली आणि खण उघडला. तोंडाने बोलायचं धाडस होईना, म्हणून पेन घेऊन तो रकाना भरला.

ते परत येऊन बसले. "वाचा."

मी वाचलं, "'गाडी उभी असताना मी माझी गाडी मागे घेताना धडक दिली. थांबलो नाही.'"

चष्मा कपाळावर गेला. "मी म्हणजे कोण?"

मी माझं पूर्ण नाव लिहिलं. "दार मी करून देतो," म्हटलं, "आजच."

"दाराचं सोडा. क्लेमचं काय करताय?"

दोन वर्षांनी पूर्ण झालेला फॉर्म कुठल्या नियमात बसणार? मी खाली लिहिलं, 'नामंजूर.' कारण लिहायला पेन अडलं. ते म्हणाले, "खरं तेच लिहा." मग मी लिहिलं, 'माहिती उशिरा मिळाली.'

त्यांनी ते दोनदा वाचलं आणि टाचणी काढून पुडी माझ्या हातात दिली. "मिळाली ना पण," ते म्हणाले.

कठडा धरून एकेक पायरी उतरत ते खाली गेले. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. त्यांनी गाडी काढली, फाटकाशी वळवली. चेपलेलं दार माझ्याच बाजूला होतं.