रत्नाकाकू आणि गरम पुंगळ्या

रत्ना देवस्थळी यांना टेक्ससच्या अर्विंग गावातली अर्धी मराठी मंडळी काकू म्हणतात, आणि त्यांच्या सगळ्या वैतागाचं मूळ तिथेच आहे. काकू म्हटलं की माणसाला पुरणपोळी आठवते, हळदीकुंकू आठवतं. लाल जॅकेट घालून, कानांवर आवाज रोखणारे मफ्स चढवून, बारा पिस्तुलवाल्यांच्या पाठीमागे येरझाऱ्या घालणारी बाई काही कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. पण काकू गेली चार वर्षं नेमकं तेच करतात. हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झाल्यावर त्यांनी घरापासून पंधरा मिनिटांवरच्या इनडोअर शूटिंग रेंजवर सेफ्टी ऑफिसरची नोकरी धरली. नवरा, देवदत्त, अजून अधूनमधून म्हणतो, "आपल्या वयाच्या बायका भजनाला जातात गं." काकू सकाळी साडेआठला गाडी काढतात.

ही आवड काही टेक्ससमध्ये लागलेली नाही. सांगलीला कॉलेजात असताना त्या एनसीसीच्या रायफल टीममध्ये होत्या. तिथल्या हवालदारसाहेबांचा खाक्या असा, की जितक्या गोळ्या झाडल्या तितक्या रिकाम्या पुंगळ्या परत मोजून द्यायच्या. एकदा एक पुंगळी कमी भरली तर अख्खी तुकडी अंधार पडेपर्यंत गवतात रांगत होती. इथे पुंगळ्यांना कुणी विचारत नाही. पिस्तुलातून गोळी पुढे जाते, रिकामी पुंगळी उजवीकडे उडते, जमिनीवर सडा पडतो, आणि गोळीबार थांबला की काकू लांब दांड्याच्या रबरी फावड्याने तो सडा पुढे ढकलून देतात. पडलेल्या पुंगळीला हात लावायचा नाही आणि जिथून गोळ्या झाडतात त्या लाल रेषेच्या पुढे तर बोटसुद्धा न्यायचं नाही. नियम एवढा साधा आहे, पण आमच्या लोकांना तो सांगता सांगता काकूंच्या नाकी नऊ येतात.

गणपतीच्या सुमारास इकडच्या दोन-तीन सोसायट्यांमध्ये घरफोड्या झाल्या. चोरांना आपल्या लोकांच्या घरातलं सोनं बरोबर ठाऊक असतं. झालं, मराठी मंडळाच्या निम्म्या लोकांनी पिस्तुलं घेतली. ज्यांनी जन्मात दिवाळीतल्या टिकल्यांच्या बंदुकीपलीकडे काही वाजवलं नव्हतं, ते शनिवारी सकाळी सहकुटुंब रेंजवर यायला लागले. येताना चिवड्याचा डबा आणायचा. बारुदाने आणि शिशाने माखलेले हात न धुता त्या डब्यात घालायचे. "काकू, घ्या ना!" म्हणत तोच डबा पुढे करायचा. एकाने खंडेनवमीला पिस्तुलाची पूजा केली होती. कुंकू आणि अक्षता आत गेलेल्या, आणि पुंगळी बाहेर यायची ती मध्येच अडकली म्हणून हा तक्रार घेऊन काउंटरवर हजर!

पण सगळ्यात भयंकर गोष्ट म्हणजे आपले संस्कार. मोठ्या माणसाने हाक मारली की पाठ करून उत्तर देऊ नये, हे आपल्याकडे लहानपणापासून अंगात मुरवलेलं असतं. या गर्दीच्या पहिल्याच आठवड्यात काकूंनी मागून "अरे, कोपर खाली घे" असं म्हटलं, आणि एक सज्जन भरलेलं पिस्तूल हातात घेऊन अख्खा वळला, अदबीने म्हणाला, "हो काकू?" नळी सरळ काकूंच्या छातीवर. त्या दिवसापासून काकू आपल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवतात आणि तसाच दाबून धरतात.

अक्षतची भानगड ऑक्टोबरातली. हा नागपूरचा मुलगा, चौतिशीचा, एका बँकेच्या आयटीत चांगल्या हुद्द्यावर. ऑफिसातले तिघे मित्र घेऊन आला होता. गोळ्यांचं पहिलं मॅगझिन संपल्यावर साहेबांना आठवण म्हणून पहिली पुंगळी हवी होती, आणि ती पडली होती रेषेच्या पुढे. शेजारच्या लेनमध्ये गोळ्या सुटत असताना हा वाकून, डोकं पुढे घालून पुंगळी शोधायला लागला. काकूंनी त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढला आणि मित्रांसमोर असा झाडला, की बाराही लेन थांबल्या. त्या रात्री इंटरनेटवर रेंजच्या नावाखाली पाचातला एकच तारा पडला. बाई उद्धट आहे, गिऱ्हाइकाशी कसं बोलावं हे कळत नाही, वगैरे. त्याआधी अशीच एक तक्रार आलेली होतीच, तीही आपल्याच माणसाची.

रेंजचा मालक डेल हा साठीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने काकूंना ऑफिसात बोलावून दोन्ही तक्रारी वाचून दाखवल्या. म्हणाला, "रत्ना, तुझं म्हणणं दोन्ही वेळा बरोबर होतं. पण लोकांशी नीट बोल. आणखी एक आली तर मला तुला काउंटरवर बसवावं लागेल."

काउंटर म्हणजे कानातल्या फोमच्या बुचांची पाकिटं विकायची. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन देवदत्तरावांना एवढंच म्हणाल्या, "परकी माणसं एका शब्दात ऐकतात. आपली माणसं ऐकत नाहीत, वर रडगाणं गातात." खरं सांगायचं तर त्यांना त्या लाल जॅकेटाची भूल पडली होती. लॅबमध्ये सत्तावीस वर्षं त्यांनी डॉक्टरांचं ऐकलं, घरी नवऱ्याचं आणि मुलांचं. या चार भिंतींत त्यांनी हात वर केला की बारा माणसं थांबायची. ते त्यांना सोडायचं नव्हतं. म्हणून त्यांनी ठरवलं, आता जिभेवर साखर ठेवायची.

पुढच्याच शनिवारी अक्षत हजर, सोबत बायको. सावनी नाव तिचं. बारीक चणीची, जरा बावरलेली. अक्षत कामासाठी महिन्यातून आठवडाभर बाहेर असतो, म्हणून हिला शिकवायचं होतं. रेंजच्या दाराशीच काकूंची नजर तिच्या कुर्त्यावर गेली. गळा चांगला वीतभर रुंद आणि खोल. पुंगळी दोन लेनमधल्या उजवीकडच्या फळीवर आपटून उलटी येते ती नेमकी अशा गळ्यात शिरते, आणि ती तव्यासारखी तापलेली असते. दारावरच्या पाटीवर तसं चित्रच काढलेलं आहे. एरवी काकूंनी तिला तिथूनच परत पाठवलं असतं.

"बाळा, गळा जरा मोठा आहे गं तुझा," काकू म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना मिळमिळीत वाटला.

"ओढणी आहे काकू, गाडीत. आणू का?" सावनीने लगेच विचारलं आणि पार्किंगकडे बोट केलं.

"अरे यार, स्लॉट ऑलरेडी स्टार्ट झालाय," अक्षत म्हणाला. "दहा मिनिटांचं काम. काकू, नेक्स्ट टाइम नक्की. आज प्लीज परत सीन नको."

सीन हा शब्द त्याने मुद्दाम वापरला, हे काकूंना कळलं. अस्सं थोबाडीत द्यावंसं वाटलं त्यांना. पण त्या हसल्या. "बरं," म्हणाल्या, आणि बाजूला सरकल्या.

पहिल्या तीन गोळ्या ठीक गेल्या. सावनी शिकवल्याप्रमाणे उभी होती, अक्षत तिच्या मागे डावीकडे, अंगावर पडेल इतका जवळ. काकू दोघांच्या मागे होत्या, नजर त्या गळ्यावरच. मागे हो, हे अक्षतला सांगायला हवं होतं, तेही जिभेच्या टोकावर येऊन थांबलं. चौथ्या गोळीची पुंगळी फळीवर आपटली आणि आत गेली.

सावनी किंचाळली. डावा हात गळ्याकडे गेला, आणि उजवा हात, बोट ट्रिगरवरच, अंगासोबत गर्रकन डावीकडे वळला. काकूंनी तिचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं, सगळं वजन टाकून ते पुढे, जमिनीकडे दाबलं. त्यात पिस्तुलातून गोळी सुटली. रेषेपलीकडच्या काँक्रीटचा कपचा निघाला. "सीझ फायर!" काकू ओरडल्या, आणि मग मराठीत काय काय ओरडल्या ते त्यांना नंतर आठवेना. सावनीचं कोपर फळीवर आपटून सोललं होतं. ती रडत होती.

"तुम्ही तिला हात कसा लावलात?" अक्षत अंगावर येत म्हणाला. "हॅव यू लॉस्ट इट? मला मॅनेजरला भेटायचंय. आत्ताच्या आत्ता!"

डेलने तिघांनाही ऑफिसात घेतलं, दार लावलं आणि कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. आवाज नव्हता. सावनी वळताना दिसली. डेलने तिथे थांबवलं. नळी अक्षतच्या पोटावर होती, वीतभर अंतरावर. अक्षत बघत राहिला. मग शेजारच्या खुर्चीवर बसला, आणि त्याने स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

काकूंना वाटलं, संपलं. दिसलं एकदाचं याला. पण डेलने चित्रण आणखी मागे नेलं, पार दाराशी. आता पडद्यावर काकू होत्या. त्यांनी गळ्याकडे बोट केलं. सावनीने बाहेर बोट केलं. अक्षतने हात झटकला. काकू हसल्या. डेलने चित्र त्या हसण्यावर थांबवलं आणि काकूंकडे पाहिलं.

"हे काय आहे, रत्ना?"

"शी डिड टेल अस," सावनी मध्येच म्हणाली. "माझा स्कार्फ गाडीत होता. आम्हीच नको म्हटलं."

"मी रत्नाला विचारतोय."

काकूंना खोटं बोलता आलं असतं. त्या म्हणाल्या, "मला आणखी एक तक्रार नको होती."

डेलने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "मी तुला नीट बोल म्हणालो होतो," तो म्हणाला. "नियम सोडून दे म्हणालो नव्हतो. सोमवारपासून काउंटर." आणि तो अपघाताचा फॉर्म आणायला बाहेर गेला.

काकूंना त्याचा राग येईना, हाच मोठा वैताग होता. आरडाओरडा केल्याबद्दल काढलं असतं तर त्यांनी चार वर्षांची भडास काढली असती, मंडळात प्रत्येकाला धरून धरून सांगितलं असतं. इथे बोलायला जागाच नव्हती.

अक्षत खुर्चीवरून उठला. चेहरा पांढराफटक. "सॉरी काकू. मी डेलशी बोलतो. रिव्ह्यू काढून टाकतो, नवीन लिहितो. तुम्ही नसता तर आज मी..."

"मी होते रे," काकू म्हणाल्या. "दारातच होते. मागच्या वेळी तुझी कॉलर धरणारी बाई आज तिथे असती ना, तर तुम्ही दोघं मुकाट्याने ओढणी आणायला गेला असतात. तिला तूच घालवलीस, आणि मी तुला घालवू दिलं."

सावनीने अजून तो कुर्ता एका हाताने गळ्याशी आवळून धरला होता. काकूंनी लाल जॅकेटाची चेन खाली ओढली, जॅकेट तिच्या खांद्यांवर घातलं आणि बर्फाची पिशवी आणायला गेल्या.