मामाच्या कोंग्यावरची कणीक

दिनूमामा गेल्याची बातमी नातेवाइकांच्या ग्रुपवर आली. खाली लिहिलं होतं, 'टाकव्याचे प्रसिद्ध ढोलकीवादक'. मी 'ढोलकी नाही, कोंगा' असं टाईप केलं आणि खोडून टाकलं. महिना होऊन गेला, तरी ते सलतं.

मामा, माझ्या आईचा थोरला भाऊ, खंडाळ्याच्या एका हॉटेलात वेटर होता. तिथल्या बँडमधल्या गोव्याच्या एका वादकाने, दुपारी हॉल रिकामा असताना, त्याला कोंगा शिकवला. कोंगा म्हणजे कमरेइतका उंच, पिंपासारखा ढोल. उभा ठेवून हाताने वाजवायचा. लॅटिन जॅझची ती लय मामाच्या हातात अशी बसली, की तो वादक गोव्याला परतल्यावर बँडने मामाच्या हातातला ट्रे काढून घेतला आणि त्याला स्टेजवर बसवलं. नाचणाऱ्यांची पावलं चुकली की तो नुसत्या बोटांच्या थापेने त्यांना वळवून आणायचा. गावात मात्र तो 'हाटेलातला दिनू'च राहिला...

कॉलेज संपल्यावर मी रविवारी त्याच्या लोणावळ्याच्या घरी शिकायला जाऊ लागले. त्याने मामीचं शिसवी लाटणं मधोमध कापून माझ्यासाठी दोन काठ्या केल्या. मामीने रागाने आठवडाभर फक्त भाकऱ्या थापल्या. काठीवर काठी, आधी तीन ठोके, मग दोन, पुन्हा तीन. आणि त्यावर मामाचे हात चालायचे. तीन वर्षं मी एवढंच वाजवलं.

"मामा, कोंगा कधी?" मी एकदाच विचारलं.

"घाई हाय का म्याडम? आदी ह्ये झोपेत जमू दे."

"मग निदान रेकॉर्ड तरी करू?"

"आन् काठ्या कोन वाजवंल, तुजा मोबाईल?"

मी हसले आणि पुन्हा काठ्या उचलल्या. मोबाईल खिडकीत उभा करून ठेवता आला असता, त्याला न विचारता. आता याचा राग त्याच्यावर काढू की स्वतःवर, कळत नाही.

मामीने कोंगे गावच्या भजनी मंडळाला दिले. "पडून ऱ्हाण्यापरीस देवाफुडं वाजत्याल," म्हणाली. गेल्या आठवड्यात मी टाकव्याला गेले. देवळात पखवाज वाजवणारे आबा बसले होते. समोर कोंगा आडवा पाडलेला, आणि पखवाजाला लावतात तशी त्याच्या कातड्यावर भिजवलेल्या कणकेची जाड चकती थापलेली.

"आबा, हे काय?"

"घुमतच न्हवता गं. आता बग कसा बोलतोय!"

"तसं नाही वाजवत ते." माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"मग कसं? दाव की. तूच शिकलीस न्हवं?"

मी कणीक नखांनी खरवडून काढली, कोंगा उभा केला आणि टाळ्यांनी ठेका धरला. तीन, दोन. आबांनी कान देऊन ऐकलं, थाप मारली, अडखळले.

"ह्याच्या मदी काय वाजायचं, पोरी?"

मामाचे हात मला अजून ऐकू येतात, पण माझ्या हातांना त्यातलं काहीच येत नाही... आबा वाट बघत होते.

"तुम्ही वाजवा आबा," मी म्हटलं. "चुकलं की मी सांगेन."