पोळपाट घेऊन आलेली माणसं

५ एप्रिल. घरच्या पापडांचं पीठ कुटायचं होतं आणि डोक्यात होता आमचा मसाल्याचा धंदा. ऑर्डरी नोंदवायच्या, कॉम्प्युटरवरच्या विकतच्या प्रोग्रॅमची मुदत संपत आलेली. दुसरा एक फुकट मिळतो, कोणीही उघडून दुरुस्त करावा असा. निवड चुकली तर ऐन हंगामात गिऱ्हाईक तुटणार.

"फुकटचं बंद पडलं तर भांडायचं कोणाशी, ताई?" धंद्यातली माझी भागीदार, धाकटी जाऊ वंदना म्हणाली. मुद्दा खरा होता. विकतच्याकडे निदान फोन उचलायला माणूस असतो.

तेवढ्यात शेजारणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन आल्या. आज माझ्याकडे, उद्या त्यांच्याकडे, अशी आमची पद्धत. समोरच्या कुसुमताईंनी न विचारता पिठाची गोळी तोंडात टाकली.

"हिंगाला कंजूषपणा केलास! आण डबा."

हिंग घालून त्याच पीठ कुटायला बसल्या. त्यांच्याकडे बघताना आठवलं. परवा त्या फुकटच्या प्रोग्रॅमवाल्यांना मी तो वापरून बघताना आलेली एक अडचण लिहिली होती. ओळख ना पाळख, दोघांनी ती सोडवून दिली आणि ते उत्तर इतरांसाठीही तिथेच ठेवलं. कोण असतील ही माणसं? कौतुक वाटलं. भांडायला कोणी नसेल, पण पिठात हात घालायला आहेत.

६ एप्रिल. सकाळीच वंदनाला नव्या ऑर्डरी त्या फुकटच्या प्रोग्रॅममध्येच घ्यायला लावल्या. मी तो कसा वापरायचा याच्या सूचना मराठीत लिहून त्या माणसांना पाठवायला बसले. दुसऱ्याकडे लाटायला रिकाम्या हाताने जात नाहीत.