सर्व्हर डाउन

मशीनमधल्या कूलंटचा आंबूस वास आला की चाकणच्या कंपनीतली ती शिफ्ट सुटायची वेळ आठवते. लातूरकडचा एक जोडीदार मोबाइल पुढे करून म्हणाला, "भावा, हजेरीचं पान उघडंना झालंय." पडद्यावर ४०३ हा आकडा होता. सर्व्हर बिघडला तर ५०० येतं, ४०३ म्हणजे परवानगीच नाही, हे कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मला ठाऊक होतं. साहेबांच्या सांगण्यावरून हजेरीच्या यादीतून त्याचं नाव सकाळी मीच काढलं होतं. "सर्व्हर डाउन आहे, राव," मी म्हणालो. त्याने शेजारच्याचा मोबाइल पाहिला. तिथे पान उघडलं होतं. "माझ्यापुरताच डाउन हाय व्हय?" डोळे बारीक करून तो माझ्याकडे बघत राहिला. मी कंपनीच्या बसकडे वळलो. कामावरून काढल्याचं त्याला दुसऱ्या दिवशी गेटवर वॉचमनने सांगितलं. आज वाटतं, ते माझ्या तोंडून ऐकायलाच तो तसा बघत थांबला होता.